कारंज्यापाशी थांबते

"इथे कुणी हरवत नाही," खोलीची किल्ली देताना मालकीणबाई म्हणाल्या. मी नकाशा मागितला होता. त्यांनी नुसतं खिडकीतून बोट दाखवलं. मधोमध घड्याळाचा मनोरा, त्याच्याभोवती चौक, आणि कुठल्याही गल्लीत शिरलं तरी माणूस शेवटी त्या चौकातच येतो. शहर इतकं आटोपशीर की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं.

बायको खूश झाली. तिला चालायला आवडतं, आणि त्यात थोडा वाटा माझाही आहे. मी बूट बनवतो, ज्यांचे दोन्ही पाय सारखे नसतात त्यांच्यासाठी. तिचा डावा पाय लहानपणच्या आजारापासून किंचित आखूड आहे. तिच्या डाव्या बुटात मी आतून बुचाचा जाड थर बसवतो. मग कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त डावं पाऊल जरा जड वाजतं, टक-ठक, टक-ठक. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. बूट काढले की मात्र ती डावीकडे कलत चालते. लोकांचे चेहरे मी विसरतो, चाल विसरत नाही. ह्यांनी आधी माझे पाय पाहिले, तोंड नंतर, असं ती चारचौघांत सांगते आणि मला लाजवते.

आमच्यात एक नियम आहे. चुकामूक झाली तर तिनं जागचं हलायचं नाही, शोधायचं काम माझं. दोघंही शोधत सुटलो तर जन्मभर फिरत राहू, असं मीच तिला बजावलं होतं. ती तो इतका पाळते की एकदा स्टेशनवर डोळ्यांदेखत आमची गाडी सुटली, तरी बाई बाकावरून उठली नाही. तुम्ही इथेच थांब म्हणालात ना, हे वर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका उतरत्या गल्लीत मला बुटांच्या कारागिराचं दुकान दिसलं. काचेमागे पायाचे जुने लाकडी साचे मांडले होते. माझा पाय निघेना. तिनं कपाळावर हात मारला. गल्लीच्या टोकाशी एक कोरडं दगडी कारंजं होतं, एका बाजूला कड फुटलेलं.

"बघा तुम्ही. मी कारंज्यापाशी थांबते," ती म्हणाली आणि उतारावरून गेली. तिच्या कपड्यांना खिसा नव्हता म्हणून तिचा फोन माझ्याच पिशवीत होता.

मी मनसोक्त साचे पाहिले आणि उतार उतरलो. टोकाला चौक होता, घड्याळ होतं. कारंजं नव्हतं.

गल्ली चुकली असेल म्हणून मागे वळलो. वरच्या अंगाला दुकान दिसलं, तेच साचे. पुन्हा उतरलो, पुन्हा चौक. शेजारच्या गल्लीतून गेलो, तिच्यापुढच्या गल्लीतून गेलो. प्रत्येक वेळी कोपऱ्यावर वाटायचं, आता कारंजं दिसणार, आणि समोर घड्याळ यायचं. पावाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की शहरात कारंजं नाही, कधीच नव्हतं. मी खुणा सांगितल्या, फुटलेली कड सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बरोबरचं माणूस तिथे थांबलंय का?"

हो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं. मुक्कामावर जाऊन बसा, संध्याकाळपर्यंत सगळे परत येतात, एवढंच त्या फडक्यानं फळी पुसत म्हणाल्या. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मी चालतच राहिलो. ऊन भिंतींवरून वर सरकलं. एका अरुंद बोळात, उजवीकडच्या उंच भिंतीपलीकडून आवाज आला. टक-ठक, टक-ठक. माझ्या बरोबरीनं चालल्यासारखा नाही. जागच्या जागी, वाट पाहणारं माणूस येरझारा घालतं तसा.

मी तिला हाक मारली. आवाज थांबला.

"अहो, मी इथेच आहे," भिंतीपलीकडून ती म्हणाली. आवाज दमलेला होता. "हलले नाहीये. तुम्ही या."

आलोच, हलू नकोस, असं ओरडून मी धावलो. भिंत संपली, वळण आलं, मी वळलो. चौक. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या कुणाचंसं घर होतं, बंद खिडक्यांचं, आणि त्या घराला लागून घड्याळाचा मनोरा. मी परत बोळात गेलो, भिंतीला कान लावला. हात सोलवटेपर्यंत थापा मारल्या. पलीकडे काही नव्हतं.

दिवे लागायच्या सुमारास मुक्कामावर आलो, पोलिसांना बोलवा म्हणून सांगायला. दारातच ती उभी होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचे दोन्ही हात धरले. कुठे होतीस, म्हणालो. "कंटाळले, मग आले," ती म्हणाली आणि हसली. मागे मालकीणबाई खुंट्यांना किल्ल्या अडकवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

ती माझ्यापुढे जिना चढली. पावलं वेगळी वाजत होती, तोल उजवीकडे जात होता. दिवसभर उभी राहून दमली असेल, असं मी मनाशी म्हटलं. म्हटलंच.

खोलीत तिनं बूट काढले. मी सवयीनं डावा उचलला. माझीच शिवण, आत माझाच बुचाचा थर.

ती अनवाणी खिडकीकडे गेली.

सरळ गेली. कुठेही न कलता, दोन्ही पावलं सारखी टाकत.

बूट माझ्या हातात तसाच राहिला. खिडकी उघडी होती. खाली छपरांच्या पलीकडून कुठून तरी, अगदी बारीक, कुणीतरी 'अहो' म्हणत होतं.

"कुणीतरी हाका मारतंय," मी म्हणालो.

"आपल्याला नाही," ती म्हणाली आणि खिडकी लावली.

माझी बायको सांगितलेली जागा सोडत नाही. मी येईपर्यंत ती तिथून हलणार नाही, मग कितीही दिवस जावोत.

मी उठलो. माझ्याआधी ती दाराशी पोचली होती. तीच सरळ, सारखी पावलं. तिनं आतून कडी लावली आणि मला म्हणाली, "बसा ना. तुम्ही दमलात."