चौथ्या तासानंतर

सरकून बसा, दिव्याचा उजेड तुमच्यापर्यंत येऊ दे. गोष्ट लांबलचक नाही, पण घाईत सांगण्यासारखीही नाही.

साथीचे दिवस होते. मुलं घरी आणि शिक्षक शाळेत, असा उलटा कारभार चालला होता. नेट काय ते शाळेतच धड चालायचं, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवून टाकलं होतं की ज्याने त्याने आपापल्या वर्गात, आपल्या नेहमीच्या फळ्यावरच शिकवायचं. समोर बाकं रिकामी. पहिल्या बाकापुढे एक स्टँड आणि स्टँडवर टॅब. त्या टॅबमधून वर्ग मुलांच्या घरी जायचा आणि मुलांची तोंडं लहान लहान चौकोनांत बसून वर्गात यायची. दिवसाचे चार तास. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्याकडे छापलेले कागद घेऊन शिपाईमामा सायकलवर जात.

मामा म्हणजे शाळेचे जुने शिपाई. शाळेची पायरी ते शिपाई म्हणूनच पहिल्यांदा चढले होते, विद्यार्थी म्हणून कधी नाही. वर्ग उघडायचे, झाडायचे, टॅब लावून द्यायचे आणि चौथा तास संपला की फळा पुसून दार ओढून घ्यायचं, एवढं त्यांचं काम. टॅब मात्र बंद करायचा नाही, चार्जिंगला तसाच ठेवायचा, असं कॉम्प्युटरच्या सरांनी बजावलं होतं.

ते स्टँड होतं गमतीचं. चेहरा दिसला की आपोआप त्याच्याकडे मान वळवायचं. शिक्षक फळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले की तेही कुर्र करून त्यांच्या मागे वळायचं. मामा झाडायला लागले की मामांच्या मागे.

"अगदी माझ्या सासूबाईंसारखं आहे हे," मामा म्हणायचे. "जाईन तिथे डोळा."

मामांची नात, ठकी, त्याच शाळेत आठवीला होती. तिची आई दवाखान्यात नर्स. तिच्या ड्यूटीला ना वेळ ना काळ, म्हणून मायलेकी मामांकडेच राहायच्या. घरात जास्तीचा फोन नव्हता. ठकी मामांच्याच फोनवर शिकायची. मामांच्या लक्षात आकडे राहत नाहीत म्हणून मुलीने फोनला त्यांच्या अंगठ्याचं कुलूप लावून दिलं होतं. सकाळी कामावर निघताना मामा अंगठा टेकवून फोन उघडायचे, ठकीपुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या सरकार, तुमची शाळा उघडली."

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

एके दिवशी गणिताच्या बाईंनी मामांना एका मुलाच्या घरी पाठवलं. आठवीतलाच मुलगा, मोठा बडबड्या. बरेच दिवस वर्गात दिसायचा, पण एका प्रश्नालाही उत्तर देत नव्हता. दार त्याच्या आईने उघडलं. मुलगा आतल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसला होता. दोन्ही हात टेबलावर पालथे. समोर फोन, तोही बंद.

"दिवसभर असाच बसतो हो मामा," आई हळूच म्हणाली. "जेवायलासुद्धा हाताला धरून उठवावं लागतं. डॉक्टर म्हणतात, घरात कोंडून राहिल्यामुळे झालंय. पण मला सांगा... डोळे का मिटत नाही हा?"

मामांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस थंड होते. मुलगा फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिला.

संध्याकाळी मामा ओट्यापाशी भाजी निवडत होते. ठकी येऊन त्यांना चिकटून बसली. एवढी मोठी झाल्यापासून अशी बसायची नाही ती.

"आजोबा, उद्या माझा नंबर आहे."

"कसला नंबर गं?"

"फळ्यावर जायचा. शेवटच्या तासाला."

"म्हणजे विज्ञानाच्या?"

"नाही हो. त्याच्यानंतर. तुम्ही फळा पुसून दार ओढून जाता ना... मग त्या बाई येतात."

मामांच्या हातातला देठ हातातच राहिला.

"कोणत्या बाई?"

"दिसत नाहीत नीट. टॅब त्यांच्याकडे वळतो, पण त्या असतात तेवढ्या जागेत उजेडच नसतो. शिकवत काही नाहीत. हजेरी घेतात. मग एकाला फळ्यावर बोलावतात."

"अगं वेडाबाई, घरी बसलेला पोरगा शाळेतल्या फळ्यावर कसा जाईल?"

"खुर्ची रिकामी होते आणि तो तिथे फळ्यापाशी दिसतो. पाठमोरा. आपलं नाव लिहितो. मग परत खुर्चीवर येतो." ठकीने आवाज आणखी खाली आणला. "पण मग तो बोलत नाही, आजोबा. घरी सांगायचं नाही म्हणाल्यात बाई. मी सांगितलं नसतं. पण उद्या माझा..."

मामांना एकदम वर्गातला फळा आठवला. रोज सकाळी वर्ग उघडला की फळ्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं. खाली, मुलांचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. आदल्या दिवशी पुसायचं राहिलं असेल, म्हातारपण आलं, असं म्हणून ते पुसून टाकायचे.

रात्री मुलीला सांगितलं. ती दमून आली होती. "बाबा, पोरांनी काहीतरी खूळ काढलं असेल," म्हणाली आणि पडल्या पडल्या झोपली. सकाळी कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. सर हसले. "मामा, चौथा तास संपला की टॅबवरचा वर्ग मी स्वतः बंद करतो. त्यानंतर कोणी येणार कसं?"

त्या दिवशी घरून निघतानाच मामांनी ठकीला फोन दिला नव्हता. शेजारच्या काकूंकडे तिला बसवलं, घराच्या दाराला कडी घातली आणि फोन आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. फोनच नाही तर वर्ग कसला आणि नंबर कसला. साधा हिशेब होता त्यांचा. पण काल बघितलेला तो मुलगा डोळ्यांपुढून हलत नव्हता, म्हणून नुसत्या हिशेबावर विसंबायला मन तयार होईना.

चौथा तास संपला. विज्ञानाचे सर गेले. मामांनी फळा पुसला, दार ओढलं आणि स्वतः आतच राहिले. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसले. ठकीची जागा ती. गुडघे बाकाखाली मावेनात.

भरदुपार होती. बाहेर मैदानावर लख्ख ऊन. व्हरांड्याच्या टोकाला नळ ठिबकत होता. खडूचा वास, ओल्या फडक्याचा वास आणि रिकाम्या बाकांचा, बरेच दिवस मुलांनी श्वास न घेतलेल्या खोलीचा वास.

नळाचं ठिबकणं थांबलं.

टॅब उजळला. एकेक करून चौकोन भरले. मुलंच मुलं, सगळ्यांचे हात टेबलावर पालथे. त्यातच एक चौकोन मामांच्या ओळखीचा निघाला. भिंतीवरचा ओलीचा डाग, निळा पाण्याचा जग, रिकामी खुर्ची. त्यांचंच घर. मामांनी छातीवर हात नेला. फोन खिशातच होता... पण गरम लागत होता, तापलेल्या अंगासारखा.

कुर्र...

स्टँड दाराकडे वळलं. दार हललं नाही. मग स्टँड हळूहळू परत फिरू लागलं. कोणी दारातून टेबलापर्यंत सावकाश चालत यावं, तितक्याच गतीने. टेबलापाशी येऊन थांबलं. मामांना तिथे कोणी दिसत नव्हतं. पण टेबलामागच्या फळ्याचा एक उभा पट्टा बाकीच्या फळ्याहून काळा झाला होता.

चौकोनांतली मुलं एकामागून एक तोंड उघडू लागली. आवाज नाही. तोंड उघडायचं, मिटायचं. हजर. हजर. पुढचं तोंड.

घरातल्या चौकोनातला पडदा हलला. ठकी आत आली. काकूंकडे ठेवलेली ठकी. झोपेत चालावी तशी चालत खुर्चीवर बसली आणि तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

तिचे ओठ विलग होताहेत तोच मामा उठले. बाक खाडकन वाजलं.

"हजर," मामा म्हणाले. "हजर, बाई. तिच्या जागी मी आलोय."

मग स्टँडची मान त्यांच्याकडे वळली. पडद्यावरची सगळी मुलं एकदम त्यांच्याकडे बघू लागली. टेबलावरचा खडू आपसूक गडगडला, खाली पडला, फरशीवरून घरंगळत आला आणि मामांच्या चपलेला टेकून थांबला.

मामांनी वाकून तो उचलला आणि फळ्यापाशी गेले. जन्मभर त्यांनी फळा पुसला होता. त्यावर लिहिलं कधीच नव्हतं. मानेमागे गार, भुकटीचा वास असलेला श्वास आला. कोणीतरी अगदी खेटून उभं होतं. वाट बघत होतं.

"नाव लिहिता येत नाही हो मला," मामा पुटपुटले. "शिकलोच नाही... अंगठा चालेल?"

मामांनी खडू फळ्याखालच्या पट्टीवर चुरडला, भुकटीत अंगठा बुडवला आणि मुलांचा हात पोचतो त्या उंचीवर फळ्यावर दाबला. फळा आतून ओढून घेतोय असं वाटलं. अंगठा सोडवायला जोर लावावा लागला.

स्टँड चाळवलं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. एखाद्याला अक्षर लागत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा त्याच ओळीवरून नजर फिरवतो, तसं. फिरता फिरता त्याचा वेग वाढला. मग ते एकदम थांबलं आणि त्याची मान खाली पडली.

पडद्यावर तो बडबड्या मुलगा डोळे चोळत होता. त्याने मोठी जांभई दिली आणि "आई" म्हणून हाक मारली. हा आवाज मामांना ऐकू आला. ठकीने इकडेतिकडे पाहिलं आणि उठून गेली. चौकोन विझत गेले. व्हरांड्यातला नळ ठिबकू लागला.

मामांनी सायकल कशी हाणली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. काकू दारातच होत्या.

"अहो, पाणी पिऊन येते म्हणाली आणि घरी गेली. मी म्हटलं, पाणी काय माझ्याकडे नाही का? आत्ताच आली बघा परत."

ठकी आतून म्हणाली, "आजोबा, भूक लागलीय. खूप." मामा तिथेच पायरीवर बसले.

तो मुलगा पुरता एक दिवस आणि एक रात्र झोपला आणि उठला तो बडबडतच. फळ्यावरचा ठसा मामांनी पुसला नव्हता, तरी सकाळी वर्ग उघडला तेव्हा फळा कोरा होता. किल्ली त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी टॅबची वायर ओढून काढली आणि सरांना सांगितलं, उंदराने कुरतडली.

तेव्हापासून मामांचा फोन मात्र त्यांच्या अंगठ्याने उघडेना. साबणाने धुतला, तेल लावून पाहिलं. शेवटी मुलीने त्यांचा हात उजेडात धरला.

"बाबा, तुमच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत."

गुळगुळीत होता अंगठा. पाटीसारखा.

साथ गेली, शाळा भरली, स्टँडं कपाटात गेली. मुलीने मामांना नवा फोन आणला आणि जुना फळीवर बंद करून ठेवला. पण दुपारी, शाळेचा चौथा तास संपायच्या वेळेला, फळीवरून कुलूप उघडल्याचा बारीक टक आवाज येतो. मामा सुट्टीच्या दिवशी घरी असले की तो ऐकतात. बघायला जात नाहीत. जुना फोन त्यांनी पालथा घालून त्यावर जड डबा ठेवला होता.

परवा ठकी शाळेतून आली. दप्तर ठेवता ठेवता फळीकडे बघत म्हणाली, "आजोबा, डबा खाली कोणी ठेवला?"

फोन उताणा पडला होता. काचेवर खडूची पांढरी भुकटी होती आणि भुकटीत एक अंगठा उमटला होता. ठसा ताजा होता. मामांनी तो दिव्यापाशी नेऊन पाहिला. त्यांच्या सगळ्या रेषा जिथल्या तिथे होत्या.