उभ्या चिरलेल्या नळ्या

अप्पांच्या अंगावर पुरळ नव्हतं, डास चावल्याच्या गांधीही नव्हत्या. तरी ते खाजवत होते. संध्याकाळ झाली की दुकानाच्या दारात बसून गोणपाटावर तळपाय घासायचे. आई म्हणायची, "केळीचा चीक लागला असेल." आमच्या रावेरकडे प्रत्येक डागाचं आणि खाजेचं खापर केळीच्या चिकावरच फुटतं. पण त्या वर्षी, म्हणजे २०४१ साली, अप्पा महिनाभर बागेत गेलेच नव्हते. मग चीक लागला कुठून?

मी तेव्हा दहा वर्षांची होते. हे कोडं मी वहीत लिहून ठेवलं.

माझे वडील, डिगंबर भारंबे, ठिबक सिंचनाच्या नळ्या दुरुस्त करत. मदतीला त्यांनीच बनवलेला करंगळीएवढा यंत्रमानव होता, कॅमेऱ्याचा डोळा असलेला. त्याचं नाव गांडूळ. ते नळीत सरपटत जायचं आणि अप्पांच्याच आवाजात बोलायचं. अप्पांनी त्याला दोनच वाक्यं शिकवली होती. "पुढे वाट अरुंद आहे. जोर लावू नका," हे पहिलं. दुसरं होतं, "वाट मोकळी आहे. पाणी सोडा." आमच्याकडे बिघडलेल्याच नळ्या येत, त्यामुळे दुसरं वाक्य क्वचितच ऐकू यायचं.

खराब नळीचा वीतभर तुकडा अप्पा कापून घ्यायचे. तो उभा चिरून, शेतकऱ्याचं नाव आणि तारीख लिहून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे.

"हा कचरा कशाला जपता, अप्पा?" गिऱ्हाईक विचारायचं.

"कशानं बिघडली ते आत दिसतं. पुढच्याची नळी वाचते."

मग एके दिवशी अप्पांचे डोळे पिवळे दिसले, आणि आम्ही जळगावला डॉक्टर सरोदेबाईंकडे गेलो. त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं. पानं गळालेल्या झाडासारखं.

"हे कसलं झाड?" मी विचारलं.

"तुझ्या अप्पांच्या पोटातलं," बाई म्हणाल्या. "यकृत (पोटात उजवीकडे, बरगड्यांखाली असलेला मोठा अवयव) पित्त तयार करतं. पित्त म्हणजे तेलातुपाचं पचन सोपं करणारा हिरवट-पिवळा रस. तो या पित्तनलिकांमधून (पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून) वाहतो. डहाळ्या फांदीला मिळतात, फांद्या खोडाला, आणि खोड आतड्यात उघडतं."

पण या फांद्या सरळ नव्हत्या. माळेतल्या मण्यांसारख्या होत्या: मध्येच फुगलेल्या, मध्येच आवळलेल्या.

मी टुणकन उठले. "क्षार साचलाय! ॲसिड सोडा, टोकाचं बूच उघडा, सगळं निघून जाईल!" आणि मी दप्तरातून डबा काढला. "गांडुळालाही आणलंय. साबणाने तीनदा धुतलंय."

"वैजाबाई," अप्पा म्हणाले, "त्याच डब्यात पोळी नाही ना?"

मग त्यांनी मला जवळ ओढलं. "क्षार येतो कुठून?"

"पाण्यातून."

"नळीला काही होतं?"

"नाही. क्षार गेला की ती आतून होती तशीच."

"इथे पाण्याने काही आणलेलं नाही, बेटा. नळीच बदललीय." त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. सायकलवरून पडले होते तिथली कातडी जाड आणि कडक झाली होती. "हा व्रण ॲसिडने धुतला तर जाईल?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तसाच व्रण या नळ्यांच्या भिंतीत होतो," बाई म्हणाल्या. "आधी सूज येते, मग व्रण. भिंत जाड होते, आतली वाट आवळते. पित्त मागे तुंबतं आणि त्यातले पदार्थ रक्तात उतरतात. म्हणून डोळे पिवळे, आणि म्हणूनच खाज."

वहीतलं कोडं सुटलं होतं. मला त्याचा आनंद झाला नाही.

आजाराचं नाव लांबलचक होतं: स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस (सुजेने पित्तनलिका कठीण आणि अरुंद करत नेणारा आजार). सूज का येते, हे बाईंनाही पुरतं माहीत नव्हतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती (रोगांशी लढणारी आपली आतली फौज) कुठेतरी चुकत असावी, असं त्या म्हणाल्या. तो कुणाकडून लागत नाही, आणि अप्पांच्या हातून काही चुकल्यामुळेही झालेला नाही, हेही सांगितलं.

"मग अप्पा बरे होणार ना?"

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. न चालणारी नळी चालेल, असं अप्पांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"खरं सांगा तिला," ते म्हणाले.

"फार आवळलेल्या जागी आम्ही बारीक फुगा नेऊन वाट रुंद करतो. खाजेवर औषध आहे. पण हे व्रण पुसणारं औषध आज आमच्याकडे नाही. आजार सावकाश चालतो, वर्षानुवर्षं. यकृत फारच थकलं, तर ते बदलावं लागेल."

उघड्या डब्यातल्या गांडुळाचा डोळा तेवढ्यात पडद्याकडे वळला. "पुढे वाट अरुंद आहे. जोर लावू नका."

सगळ्यात आधी अप्पा हसले.

तीन वर्षांनी यकृत बदलावंच लागलं. एका अनोळखी घराने आपल्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याचं यकृत दान केलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अप्पांनी विचारलं, "माझं जुनं काढाल, ते टाकून देणार?"

"तुमची परवानगी असेल तर अभ्यासाला ठेवू."

"ठेवा. उभं चिरा, आणि नाव, तारीख लिहायला विसरू नका."

घरी आल्यावर त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला आणि त्याला नुसती चिठ्ठी टांगली: "डिगंबर भारंबे, १२ ऑगस्ट २०४४. तुकडा डॉक्टरांकडे."

त्यानंतर अप्पा एकोणीस वर्षं होते. बागेत जाऊन सदऱ्याला डाग पाडून यायचे आणि मला दाखवायचे, "बघ, हा खरा चीक!"

ते गेले, त्याला आता वर्ष होईल.

परवा माझी मुलगी रेणू दुकानात चिठ्ठ्या वाचत होती. "आई, इथली नळी पडली का?"

मी तिला हे सगळं सांगितलं. आता रक्ताच्या एका थेंबावरून ही सूज व्रण होण्याआधीच ओळखता येते, हेही सांगितलं. माणसांनी दिलेली शेकडो यकृतं तपासून ती चाचणी सापडली. व्रण होऊच न देणारं औषध अजून पारखलं जातंय.

"त्या शेकड्यांत अप्पाआजोबांचं आहे?"

"आहे. कितवं, ते माहीत नाही."

रेणूने थोडा विचार केला. मग गांडुळाला चार्ज करून तिने ते मागच्या बागेत काल टाकलेल्या नव्या नळीत सोडलं. आम्ही दोघी दुसऱ्या टोकाशी कान लावून बसलो.

बऱ्याच वेळाने आतून अप्पांचा आवाज आला.

"वाट मोकळी आहे. पाणी सोडा."

रेणू नळाकडे धावली.