आंब्याच्या पेटीतला प्रशिक्षक

भाट्याच्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळायला जायचं ठरलं होतं. पण सागरने हट्ट धरला, आधी आंबे खाऊ, मग निघू. म्हणून मनस्वी आणि वेदिका बॉल मांडीवर घेऊन त्याच्या पडवीत बसून राहिल्या.

सागर मनस्वीच्या शेजारचा. त्याचे वडील, दादूकाका, ‘रत्नागिरी तांडेल’ या फुटबॉल संघाची बस चालवायचे. संघाचे मालक भागोजीशेठ यांचा आंब्याचा मोठा व्यापार. खास पाहुण्यांसाठी भरलेल्या पेट्यांपैकी एक जास्त झाली, ती त्यांनी आदल्या दिवशी दादूकाकांना देऊन टाकली होती.

सागरने वरचा थर काढला, मग खालचा. तळाशी पेंढ्यावर जाड पांढरे कागद अंथरले होते. त्यातला एक त्याने भिरकावून दिला, तो वेदिकाने उचलला. वेदिका मनस्वीची मावसबहीण, सुट्टीसाठी सावर्ड्याहून आलेली.

“ही कसली रांगोळी गं?” ती म्हणाली.

कागदावर गोल होते, फुल्या होत्या, आणि लाल बाण इकडून तिकडे धावत होते. मनस्वीने पाहिलं आणि तिच्या हातातली फोड तशीच राहिली. ते बाण तिने स्वतः काढले होते. बाबांच्या हातून रेघ सरळ येत नसे, म्हणून आठवडाभर रोज संध्याकाळी बाबा सांगत होते आणि ती काढत होती. हे पान बाबांच्या अर्जातलं होतं. जो अर्ज, क्लबच्या म्हणण्याप्रमाणे, कधी आलाच नव्हता.

मनस्वीचे बाबा, काशीराम, एकेकाळी मुंबईच्या एका कंपनीच्या संघातून खेळायचे. गुडघा गेल्यावर त्याच कंपनीच्या गोदामात कामाला लागले. मनस्वी अकरा वर्षांची होईपर्यंत ते तिला गणपतीत आणि शिमग्याला भेटत. दोन वर्षांपूर्वी शेठनी तांडेल संघ काढला, व्यावसायिक लीगमध्ये उतरवला, आणि बाबा सहायक प्रशिक्षक म्हणून घरी आले. गेल्या मार्चमध्ये मुख्य प्रशिक्षक सोडून गेले. आता नवा येणार, आणि नवा माणूस आपला सहायक बरोबर घेऊन येतो. तशीच पद्धत आहे. म्हणून बाबांनी धीर करून मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. संगणकावर आलेलं शेठना खरं वाटत नसे, म्हणून अर्ज कागदावरच द्यायचा होता. बाबांनी तो क्लबचे चिटणीस संदेश यांच्या हातात दिला होता.

मुलाखतीच्या यादीत तीन नावं लागली. एक गोव्याचे, एक कोलकात्याचे, एक केरळचे. बाबांचं नाव नव्हतं. बाबा भांडले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, की नको असलेल्या माणसाला सरळ नको म्हणायला लोकांना जड जातं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईला गोदामात फोन केला. एक जूनपासून या, असं तिकडून सांगण्यात आलं.

यातलं काहीच आपण बदलू शकत नाही, हे मनस्वीने मुकाट्याने मान्य केलं होतं. आता हा कागद हातात होता.

भाट्ये राहिलं बाजूला. तिघांनी कुवारबावची बस पकडली. शेठची आंबे भरायची शेड तिथे होती आणि तिच्याच माडीवर क्लबचं ऑफिस. शेडमध्ये गंगाकाकू नेहमीप्रमाणे आंबे निवडत होत्या. अठ्ठावीस वर्षं पेट्या भरणारी बाई. कागद पाहताच त्यांनी ओळखला.

“माझ्याच पेटीतला हाय. छापील रद्दीची शाई लागते गो बाय, म्हणून पावण्यांच्या पेट्यांना मी कोरा कागद घालते. त्या दिवशी कोरा संपला. तर जिन्याखाली एक पेटी होती पाठकोऱ्या कागदांनी भरलेली, ती रामाने आणून दिली.”

ती पेटी जिन्याखाली कशी आली, हे रामाकडून कळलं. रामा ऑफिसचा शिपाई. शेठच्या इथे काहीही ठेवायचं तर आंब्याच्या पेटीतच ठेवत. बिलं पेटीत, बूट पेटीत, चहाचे कप पेटीत. अर्जांच्याही दोन पेट्या होत्या. टपालाने आलेले एका पेटीत, हातोहात दिलेले दुसरीत. दुसरी पेटी जिन्याखाली ठेवा, असं संदेश सरांनीच सांगितलं होतं. पुढे त्यांना तिची आठवण राहिली नाही, आणि रामाला वाटलं, जिन्याखाली आहे म्हणजे रद्दीच.

“म्हणजे हातोहात दिले ते सगळेच गेले,” वेदिका म्हणाली. “आणि हातोहात कोण देणार? इथलेच लोक.”

खरंच होतं. कोकणातल्या संघासाठी प्रशिक्षक शोधत होते आणि यादीत कोकणातलं एकही नाव नव्हतं. ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

गंगाकाकूंनी पाहुण्यांच्या चार पेट्या भरल्या होत्या. एक दादूकाकांकडे आली. उरलेल्या तीन शेठच्या केबिनमध्ये होत्या, उद्या मुलाखतीला येणाऱ्यांना भेट द्यायला. त्या पेट्या उघडून दाखवा म्हटल्यावर काकूंनी दोन्ही कानांना हात लावले. शेठच्या पाहुण्यांची पेटी उघडायची त्यांची छाती नव्हती.

तिघं माडीवर संदेश सरांकडे गेली. सरांनी कागद उलटसुलट पाहिला आणि तो त्यांनी घडी करून शर्टच्या खिशात घातला. मी बघतो, म्हणाले. घरून आणलेल्या एका पानावरून काही सिद्ध होत नाही, असंही म्हणाले. सागर काहीतरी बोलायला गेला तर त्यांनी पंखा मोठा केला.

जिना उतरताना मनस्वीला कळलं की आपल्याकडे होतं ते एकमेव पान आपण स्वतःच त्यांच्या हातात दिलं.

सागरच्या घरी जाऊन तिघांनी पेटी पुन्हा तपासली. बाकीचे कागद सागरच्या आईने तेवढ्यात बंबात घातले होते. मग तिघं शेठच्या बंगल्यावर गेली. शेठ फोनवर होते. त्यांनी खुणेनेच तिघांना पन्हं द्यायला सांगितलं आणि फोन न थांबवता म्हणाले, क्लबचं काय ते संदेशला विचारा. पन्हं छान होतं. ते पिऊन तिघं फाटकाबाहेर आली.

शेवटी मनस्वीने बाबांनाच सगळं सांगितलं. बाबा मैदानावर गोलपोस्टची जाळी सोडवत होते. ऐकून घेतलं, जाळीची घडी घातली. ते म्हणाले, “बाय, तिघं उद्या एवढ्या लांबून येतायत. आता मी मध्येच जाऊन काय सांगू? माझा अर्ज आंब्याखाली आहे म्हणून?” आणि ते हसले. ते हसणं मनस्वीला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

उद्या मुलाखती संपल्या की पाहुणे पेट्या घेऊन स्टेशनवर जाणार. बाबांची पानं गोवा, कोलकाता आणि केरळला निघून जाणार. तिकडे कुणीतरी आंबे खाऊन ती केरात टाकणार.

तेव्हा वेदिका म्हणाली, “शेठ आपलं ऐकणार नाहीत. पण आंब्याचं ऐकतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाखती संपल्या. शेडच्या दारात शेठ पाहुण्यांना निरोप देत होते. पेट्या गाडीपर्यंत न्यायला दादूकाका आले होते आणि मदतीला ही तीन मुलं. मनस्वी आणि सागरने एकेक पेटी उचलली. वेदिका मात्र पेटी नाकाशी धरून थांबली.

“शेठ,” ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, “याच्यातून आंबलेला वास येतोय. असू दे का तशीच?”

 आंबे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. भागोजीशेठना बाकी काहीही ऐकवता आलं असतं, पण पाहुण्याला दिलेला त्यांचा आंबा खराब आहे हे त्यांच्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं.

“माझ्या पेटीतून?” शेठ म्हणाले. “ठेव खाली. तिन्ही ठेवा. यांच्यादेखत उघडतो.”

संदेश सर घाईने पुढे आले, गाडी चुकेल म्हणाले. शेठनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी खिळे उपसले, एकेक आंबा हुंगून बाहेर ठेवला. एकही आंबा खराब नव्हता. पण तळ उघडा पडला, तशी मनस्वी गुडघ्यावर बसली आणि तिने सगळ्यात वरचा कागद काढून, हाताने सरळ करून शेठच्या हातात दिला. त्यावर एका बाईचा फोटो होता. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘मुख्य प्रशिक्षकपदासाठी अर्ज’.

शेठनी तो वाचला. मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या पेटीत लाल बाण निघाले. मग त्यांनी विचारलं, “संदेश, हे काय आहे?”  उत्तर रामाने दिलं, आणि गंगाकाकूंनी, आणि शेवटी धीर करून सागरने.

अर्ज चार जणांचे निघाले. चौघांनाही दुसऱ्या दिवशी बोलावलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ते आत गेले, दार बंद झालं, आणि मनस्वी पायरीवर बसून राहिली. आता तिच्या हातात काहीच नव्हतं. अर्ध्या तासाने बाबा बाहेर आले आणि पाण्याच्या माठाकडे गेले. त्यांच्यानंतर फोटोतल्या बाई, हर्ण्याच्या श्रद्धा मयेकर, आत गेल्या. त्या दीड तास आत होत्या.

निकाल संध्याकाळी मैदानावर जाहीर झाला. तांडेलच्या नव्या मुख्य प्रशिक्षक श्रद्धा मयेकर. वेदिकाने मनस्वीचा हात घट्ट धरला.

मग शेठनी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. ही मुलं नसती तर आपल्याच घरची माणसं आपण रद्दीत घातली होती हे मला कळलं नसतं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. स्वतःची चूकही त्यांनी कबूल केली. संदेश सरांनी खाली मान घालून मुलांची माफी मागितली. दादूकाका, गंगाकाकू, सगळे खेळाडू टाळ्या वाजवत होते. बाबाही वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. मनस्वीला त्या टाळ्यांत उभं राहवत नव्हतं. सगळ्यात वरचा तो कागद, फोटोचा, तिने स्वतःच्या हाताने सरळ करून दिला होता.

घरी जाताना ती स्कूटरवर बाबांच्या पाठीला टेकून बसली. 

“बाबा, त्यांचा अर्ज मीच काढून दिला.”

“कळलं ना मला. शेठनी दाखवला तेव्हा वाचलाही. आपल्यापेक्षा चांगला होता.” बाबांचा आवाज शांत होता. “पण आपलाही वाचला त्यांनी. उरला होता तेवढा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाही म्हणाले ते वाचून म्हणाले.”

मनस्वीने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. “मुंबईला कधी जाणार?”

बाबांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली.

“बाईंनी बरोबर कुणी आणलेलं नाही. विचारत होत्या, उद्या सहाला मैदानावर याल का, आणि पुढेही रोज याल का. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.”

“आईला?”

“आईला विचारलं फोनवर. ती म्हणाली, मनूला विचारा.”

दोन दिवस ती सगळ्यांकडे जाऊन सांगत होती, विनवत होती, आणि कुणी तिला काही विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं. समोरून एक ट्रक गेला, मग दुसरा. बाबा थांबले होते.

“सहाला जायचं तर पाचला उठावं लागेल,” ती शेवटी म्हणाली. “मी उठवीन.”