बुधवारची सही

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि मावशीला धड थापही मारता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बुधवार होता. दुपारचे तीन.

मावशी एका वृद्धाश्रमात मुख्य नर्स होती. तिथे दर बुधवारी एक फॅमिली डॉक्टर यायचे. एरवी कुणाला काही झालं की मावशी फोन करायची, ते सांगतील ते वहीत लिहायची, आणि बुधवारी ते खाली सही करायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं. मावशी त्यांना भाऊच मानायची.

त्याआधीच्या रविवारी चार नंबरच्या खोलीतल्या आजींना धाप लागली. मावशीने त्यांच्या उशाशी बसूनच फोन लावला. स्पीकरवर.

"सूज उतरायची गोळी एक जादा द्या. हॉस्पिटलची घाई नको. बुधवारी मी येतोच आहे."

मावशीने लिहून घेतलं. आजींनीही ऐकलं, मान डोलावली.

मंगळवारी पहाटे आजी गेल्या.

बुधवारी डॉक्टर आले तेव्हा आजींचा मुलगा खोलीत सामान आवरत होता. मावशीने वही पुढे केली. डॉक्टरांनी वाचली... आणि पेन परत खिशात ठेवलं.

"मी तर लगेच हॉस्पिटलला हलवा म्हणालो होतो, सिस्टर."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. नोकरी गेली तर गेली, पण माणूस मारल्याचा ठपका?

"डॉक्टर, असं काय करता? तुम्हीच तर..."

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

रिकाम्या पलंगावरून...

गादीसुद्धा धुवायला नेली होती. नुसत्या लोखंडी पट्ट्या. त्या करकरल्या... कुणी उठून बसावं तशा.

मग आजींचा तो घोगरा आवाज. अगदी सावकाश.

"हॉस्पिटलची घाई नको... बुधवारी मी येतोच आहे..."

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मुलगा मात्र पुन्हा पिशवीत कपडे कोंबायला लागला होता. त्याच्या कानावर काहीच पडलं नव्हतं.

मावशीने डॉक्टरांकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. आता तरी हा माणूस खरं बोलेल, असं तिला वाटलं.

"मला काही ऐकू आलं नाही," डॉक्टर म्हणाले.

कुणी विचारलंच नव्हतं.

महिनाभरात मावशीला काढून टाकलं. परवा मी तिला विचारलं, त्या आवाजाची भीती वाटते का?

"आजींची कशाला वाटेल? त्या माझ्यासाठी आल्या होत्या," ती म्हणाली. "पण त्याने ऐकलं होतं रे. ऐकून केसाने गळा कापला माझा."

डॉक्टर अजून दर बुधवारी तिथे जातात. चार नंबरमध्ये मात्र पाऊल टाकत नाहीत. तिथल्या पेशंटला व्हरांड्यात आणून तपासतात म्हणे.

आणि नवी सिस्टरही त्यांना तसाच फोन करते, सांगतील ते भरवशाने वहीत लिहिते. तिला कुणीतरी सांगायला हवं.

मी दोनदा नंबर फिरवला. दोन्ही वेळा तिने उचलायच्या आतच फोन ठेवून दिला...