पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

नीला रंगारी त्या दिवशी दरेकशाला गेली ती एक पेटी आणायला. चैत्र लागला होता, शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या, आणि गोंदियाहून सकाळची पॅसेंजर पकडली की दिवस मावळायच्या आत घरी परतता येतं, म्हणून तिनं तोच दिवस धरला. आईसाठी वरण-भात झाकून ठेवला, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि निघाली. साल दोन हजार सहा.

गोंदियाच्या एका हायस्कुलात नीला भौतिकशास्त्र शिकवायची, पण जुन्या रेकॉर्डी जमवणारे लोक तिला दुसऱ्याच कारणासाठी ओळखत. सत्तरच्या दशकात गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतून 'नॅरो गेज' नावाचा एक रॉक बँड निघाला होता. लांब केस राखलेली रेल्वेवाल्यांची पोरं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये नाताळात त्यांचा कार्यक्रम झाला की नागपूर-बिलासपूरची पोरं गाडीला लटकून ऐकायला यायची. त्यांनी कलकत्त्याला जाऊन एकच रेकॉर्ड काढली आणि त्यानंतर बँड मोडला. त्या बँडचं जे जे उरलं होतं ते नीलाच्या कपाटात होतं. रेकॉर्डीच्या दोन प्रती, कार्यक्रमाची तिकिटं, ड्रमचं फाटलेलं कातडं. एका पडक्या भिंतीवरचं पोस्टर तर तिनं चुन्याच्या पोपड्यासकट खरवडून आणलं होतं.

लोकांना हा छंद वाटे. छंद तो नव्हता. रेकॉर्डीच्या कव्हरवर चार पोरांचा फोटो होता, खाली चार नावं. गायक आणि गिटार : श्यामलाल बिसेन. गिटार त्याचीच होती, पण आवाज त्याचा नव्हता. आवाज लोकेश गजभियेचा, म्हणजे नीलाच्या सख्ख्या मामाचा. कलकत्त्याला गाऊन येतो असं सांगून लोकेश घरून निघाला, आणि काही दिवसांनी दरेकशाच्या बोगद्याजवळ रुळांच्या कडेला मेलेला सापडला. बँडमधल्या चौघांनी सांगितलं, तो आमच्यासंगं नव्हताच. पुढे रेकॉर्ड बाजारात आली. तिच्यावर त्याचं नाव नव्हतं.

बाकीचे तिघं एकेक करून गेले. श्यामलाल मात्र नोकरी संपल्यावर दरेकशाला घर बांधून राहिला. शेतीवाडी सोडून, त्या जंगलात, नेमका तिथेच का, हे कोणाला उमगलं नाही. नीला त्याला जाऊन भेटली होती. समोर बसून, मान न हलवता तो म्हणाला होता, "लोकेश नावाचा कोनी नोता." गेल्या दिवाळीत तोही वारला. आणि आता त्याच्या बायकोचा, सुलोचनाबाईंचा निरोप आला होता : पेटी घेऊन जा.

स्टेशनपासून घरापर्यंतची वाट सागाच्या जंगलातून जाई. पानगळ झालेली, पायाखाली वाळक्या पानांचा थर. मोहफुलांचा गोड, जड वास हवेत साचून राहिला होता. घराच्या ओसरीवर सुलोचनाबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांचं गाठोडं बांधून तयार.

"मी वाटच पाहून राहिली होती," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी पोरगी येते. तिच्यासंगं दवनीवाड्याले जातो मी. इथं आता नाई राहात."

"एवढ्या वर्षांनी पेटी मलेच काऊन देता, काकू?"

सुलोचनाबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, पण त्या आवाज खाली आणून बोलल्या.

"दुसऱ्या कोनाले नेताच येत नाई. नागपूरचा एक रेकॉर्डवाला आला होता. अर्ध्या वाटेवर पेटी टाकून पळाला. त्याच्या आंधी माह्या भाच्यानं नेऊन पाहिली. त्यानं बी टाकली. पेटी मीच उचलून परत आणली दर वेळी… मी परत आणतो तवा ते काईच नाई म्हनत."

"ते म्हणजे?"

"तुमाले मालूम आहे."

नीलाच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव, भूत, करणी, सगळं एकदमच घराबाहेर काढलं होतं. ती आत गेली. खोलीत पुदिन्याच्या मलमाचा वास होता, आत्ताच कोणीतरी छातीला चोळल्यासारखा ताजा. पलंगाशी सागाची पेटी होती. तिनं झाकण उघडलं आणि तिचा जीव थरारला.

ज्यासाठी तिनं अर्धं आयुष्य घालवलं होतं ते सगळं तिथे होतं. हातानं लिहिलेली गाणी, कोरी करकरीत पोस्टरं, पहिल्या कार्यक्रमाचे फोटो. तळाशी एक रेकॉर्ड होती, कव्हर नसलेली, पांढऱ्या कोऱ्या लेबलची. छपाईआधी काढतात ती नमुन्याची प्रत. अशा प्रतीत कधीकधी गाण्याआधीचं बोलणंही राहून जातं, हे तिला ठाऊक होतं.

तिनं पेटी उचलली. हलकी होती.

"बाई," सुलोचनाबाई मागून म्हणाल्या, "टाकली तं टाकली. मी काई म्हननार नाई."

"टाकायला नाही आले मी, काकू."

वाटेतला ओढा ओलांडेपर्यंत काहीच झालं नाही. ऊन डोक्यावर होतं. पाखरंही गप्प होती. मग मागे पानं वाजली. कुरकुर… कुरकुर… माणूस चालतो तशी, पाय थोडा ओढत. मोहफुलं वेचणारं कोणी असेल म्हणून तिनं वळून पाहिलं. वाट रिकामी होती. ती थांबली तशी पानंही थांबली. ती चालू लागली तशी पुन्हा वाजू लागली.

आणि पेटी जड होत चालली. आधी कळशीएवढी, मग खडीनं भरलेल्या घमेल्याएवढी. वजन असं वाटेत बदलत नसतं, असं तिनं स्वतःला बजावलं. पोरांना वर्षानुवर्षं तेच शिकवलं होतं. पण हाताच्या शिरा टरारल्या होत्या आणि बोटं पांढरी पडली होती. मोहफुलांच्या वासातून पुदिन्याच्या मलमाचा वास आला. मानेमागे, अगदी जवळ, कोणीतरी खोकलं.

"ठेव…"

मटकन ती वाटेतच बसली, पेटी मांडीवर. किती वेळ बसली कोण जाणे. नागपूरच्या माणसाला तिनं मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं, ते आठवून तिला लाज वाटली. पळावं, असं अंग सांगत होतं.

मग तिला राग आला. जिवंतपणी श्यामलालनं तिच्यासमोर बसून लोकेशचं नाव नाकारलं होतं. आता मेल्यावरही तो तेच करत होता.

तिनं झाकण उघडलं. पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड काढून पदराखाली छातीशी धरली. बाकीचं तसंच ठेवून झाकण लावलं आणि पेटी वाटेच्या कडेला ढकलून दिली. पोस्टरं, फोटो, गाणी. एवढं सगळं तिनं सोडलं.

"हे तुमचं," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या जंगलात तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हे ठेवलं. हा आवाज माझ्या मामाचा आहे. हा नाही ठेवत."

"ठेव…" या वेळी कानाशी. श्वास गार होता.

"नाही ठेवत. तुम्ही गाडीत होता न त्याच्यासंगं? बोला. आता तरी बोला."

पानं वाजली नाहीत. दूर बोगद्यात मालगाडी शिरली आणि डोंगर आतून घुमू लागला. त्या घुमण्यात मिसळून, तुटत तुटत शब्द आले.

"मी धरलो होतो त्याले… सोडलो नाई… सुटला…"

नीला उभी राहिली. "मग नाव काऊन पुसलं?" तिनं विचारलं.

मालगाडी बोगद्याबाहेर पडली, लांब गेली. स्टेशनपर्यंत मागे पाऊल वाजलं नाही, आणि छातीशी धरलेली रेकॉर्ड रेकॉर्डीएवढीच हलकी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं ती घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली. आई, अनुसयाबाई, भिंतीला टेकून बसली होती. लोकेशची ती थोरली बहीण. तिनंच त्याला कडेवर वाढवला होता. सुई खरखरली. मग कोणीतरी खोकलं, आणि तरुण श्यामलालचा आवाज आला, "लोकेश, तयार?"

"हाव दादा," लोकेश म्हणाला.

अनुसयाबाईंनी तोंडावर हात दाबला. इतकी वर्षं तो कलकत्त्याला गेलाच नव्हता, असं सांगणाऱ्यांच्याच रेकॉर्डीत तो हसऱ्या आवाजात हो म्हणत होता. गाणं सुरू झालं. गाणं संपल्यावर आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नीला, याच्यात गिटार नाई वाजत."

खरंच नव्हती. ड्रम होता, आवाज होता, आणि जिथे गिटार असायची तिथे पोकळी. नीलानं कपाटातली जुनी प्रत काढून लावली. शेकडो वेळा ऐकलेली. तिच्यातूनही गिटार गेली होती. दुसऱ्या प्रतीतूनही.

पुढच्या रविवारी तिनं इन्स्टिट्यूटचा हॉल मागून घेतला आणि म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांना बोलावून सगळ्यांसमोर ती रेकॉर्ड वाजवली. 'लोकेश, तयार?' हे सगळ्यांनी ऐकलं. माना खाली गेल्या. कव्हरच्या मोठ्या फोटोखाली तिनं ठळक अक्षरात पाचवं नाव लिहून लावलं होतं : लोकेश गजभिये, गायक. जाताना दोघातिघांनी विचारलं, की श्यामलालची गिटार कुठे गेली. नीला म्हणाली, मला माहीत नाही. ते खरंच होतं.

मग एका दुपारी घरचा फोन वाजला. तिनं रिसीव्हर उचलला. लांबून, रिकाम्या खोलीतून यावी तशी, गिटार वाजत होती. त्याच गाण्याची सुरुवात. जिथे आवाज यायला हवा तिथे ती थांबली. थोडा वेळ गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, पुन्हा तिथेच थांबली. मागे मालगाडीनं बोगदा घुमवावा तसा आवाज भरत गेला आणि ओसरला.

नीलानं फोन ठेवला आणि दवनीवाड्याला सुलोचनाबाईंना लावला.

"काकू, तुमच्या दरेकशाच्या घरचा फोन अजून सुरू आहे का?"

"त्या घरी फोन कधीच नोता, बाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. नीलानं रिसीव्हर ठेवला आणि आईला सगळं सांगितलं.

"उद्या पुन्हा फोन आला तं?" आईनं विचारलं.

"येऊ दे," नीला म्हणाली. "त्याले गाणं पाहिजे न? मग आधी नाव घ्यावं लागेल. नाव घेतल्याबिगर मी सुई ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी फोन त्याच वेळेला वाजला. नीला खुर्ची ओढून फोनशेजारी बसली होती. रेकॉर्ड कपाटात होती, प्लेअरचं बटण बंद. तिनं रिसीव्हर कानाला लावला. गिटार सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "आधी नाव घ्या."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. तिनं रिसीव्हर खाली ठेवला नाही. शेवटी कोणीतरी खोकलं. आवाज म्हातारा होता, फाटलेला.

"लोकेश… तयार?"

उत्तर फोनमधून आलं नाही. ते तिच्या पाठीमागून आलं, त्याच खोलीतून, खुर्चीच्या अगदी जवळून.

"हाव दादा."

दारात उभ्या असलेल्या आईनं नीलाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि तशीच पाहत राहिली. फोनमध्ये गिटार सुरू झाली. नीलानं वळून पाहिलं नाही. तिनं फक्त रिसीव्हर कानापासून जरा दूर, वर धरला, मागे उभ्या असलेल्याला नीट ऐकू जावं म्हणून.