भोवत्यांच्या मागे

पौर्णिमाच्या गोफणीतला दगड नेमका शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या गवतात पडला. पण तिला वाटलेला रोही, म्हणजे नीलगाय, काही तिथून पळाला नाही. उलट गवतातून एक तरुण धडपडत उभा राहिला. गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट शर्ट.

"अवो, मानूस हाय मी!"

मचाणावर पीक राखत बसलेल्या पौर्णिमानं गोफण पाठीमागे लपवली. पण चूक कबूल करील ती देवमनची पोरगी कसली! "मंग मानसासारखं उभं राहा ना, भाऊ! रोज रोही घुसतात हरबऱ्यात. मले का मालूम, गवतात कोन लोळून राह्यलं?"

"दगड मारा, चालते," तो शर्ट झटकत हसला. "फक्त भाऊ नका म्हनू."

तो रिठद गावचा उत्कर्ष. पाखरांच्या अभ्यासाचं काम करायचा आणि भोवत्या नावाच्या शिकारी पाखरापायी मेडशीच्या शिवारात आला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं दुर्बीण तिच्या हाती दिली. हरभऱ्याच्या अगदी जवळून, पंख न हलवता, राखी रंगाचा भोवत्या तरंगत चालला होता. पौर्णिमानं दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतलीच नाही.

"कुठून येते हा?"

"कझाकिस्तानातून. तिकडं गवतात अंडी घालते, अन् थंडीत तुमच्या वावरातले टोळ खाते."

"म्हंजे पाव्हना हाय."

"हो. मार्चात जाते. यंदा मीबी जातो त्याच्या मागं… घरटे पाहाले."

"अन् वापस?"

तो दुर्बिणीची काच पुसत राहिला. पुसून स्वच्छ झालेली काच त्यानं पुन्हा पुसली.

मग तो रोज येऊ लागला. त्याच्या पाखरांना आरडाओरडा खपत नसे, म्हणून पौर्णिमानं रोही हाकलायला हाका मारणं सोडलं. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. आमची पौर्णिमा आधी मुकी झाली. तिचं लक्ष आभाळात, त्याचं अर्धं आभाळात आणि अर्धं तिच्यात. रोहींचं मात्र सगळं लक्ष हरभऱ्यात होतं. नाल्याकडचा कोपरा त्यांनी पार फस्त केला.

देवमन त्या कोपऱ्यात उभा राहिला. आधी खाल्लेली झाडं पाहिली, मग धुऱ्यावरचं दबलेलं गवत.

"तुही हाक तं फाट्यावरून आयकू ये, पोरी. आता काहून बंद झाली?"

पौर्णिमा पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडू लागली.

"उद्यापासून मी बसतो मचानावर. तू घरी राह्य."

घरी तिचं कशातच मन लागेना. परीक्षेचं पुस्तक उघडलं की पानावर तोच दिसे. अशात फोनवर त्याचा निरोप आला, 'शुक्रवारी निघतो.' बस, एवढंच! 'जाऊ नका' असं तिनं लिहिलं, आणि पाठवायच्या आधीच पुसलं. हा माणूस न बोलताच गेला तर काय, या धास्तीनं तिला जेवण जाईना.

गुरुवारी ती हट्टानं बापाचा डबा घेऊन वावरात गेली. पाहते तर मचाणावर उत्कर्ष! हातातला शर्ट गरगर फिरवत रोहींवर ओरडत होता. देवमन बाभळीखाली बसला होता.

"आयकतच नाही पोट्टा," तो म्हणाला. "म्हने, माह्यापायी नुकसान झालं, आता मीच राखतो." मग पाण्याची कॅन उचलून तो विहिरीकडे निघाला, आणि जरा जास्तच हळू चालू लागला.

उत्कर्ष घाईघाईनं शर्ट चढवत खाली उतरला. त्याचा घसा पार बसला होता.

"तुमचे पाखरं?" तिनं विचारलं.

"गेले… माह्याच हाकांनी."

ज्या पाखरांसाठी हा माणूस तासन्‌तास गवतात पडून राहायचा, तीच त्यानं स्वतः ओरडून उडवली होती.

"सोयाबीन सोंगाले येतो मी," तो फाटक्या आवाजात म्हणाला.

"सोंगाले मजूर भेटतात आमाले. तुमी कायले येता?"

"तुले मांगाले… तुह्या बाबाले."

तिनं मान फिरवली. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. सोयाबीन! त्याची कापणी दिवाळीच्या तोंडावर, आणि अजून पेरणीचाही पत्ता नव्हता.

"लवकर या हो," ती कशीबशी म्हणाली. "तुमी अजून गेलेबी नाही… अन् मी आत्तापासूनच वाट पाहून राह्यली."