काजळ्याची कोरी बाजू

घड्याळकाकांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात समोरून गोटी आली. गोटी म्हणजे तपकिरी रंगाची, पायात पाय घालणारी कुत्री. तिच्यामागे ओढले जात होते ते दोघे बहीणभाऊ, दोघंही कॉलेजात शिकणारे.

"कुठं निघाली वरात?"

"मैदानावर, काका. गेलो की आलोच," बहीण म्हणाली.

"आणि हिचं जॅकेट? ते चकाकणारं?"

"घरी राहिलं. एका दिवसानं काय होतंय?" भाऊ म्हणाला. "मोबाइलचा टॉर्च आहे की माझ्याकडे."

"टॉर्च तुझ्या हातात. गाडीवाल्याला तू दिसशील. ही दिसेल का?"

भावानं खांदे उडवले. काकांनी शटर तसंच सोडलं आणि दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. मागे भिंतीवर दहाबारा घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत होती.

"बसा. दहा मिनिटं ऐका, मग खुशाल जा."

"भुताची गोष्ट आहे का?" बहिणीनं हसत विचारलं.

"भूत होतं की नव्हतं ते तुम्ही ठरवा. माणूस माझ्या ओळखीचा. आणि वेळ मी सांगेन ती मिनिटाला धरून चाला. माझा धंदाच तो."

गोटी पायरीखाली टेकली, आणि काकांनी सांगितलं ते असं.

नऊ वर्षांपूर्वी याच ओळीत एक शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांची जॅकेटं शिवायचं मोठं काम त्याच्याकडे असायचं, ती नारंगी, रेडियमच्या पट्ट्यांची. हात असा साफ, की शिवण उसवायची तर कात्रीच्या तोंडाला फेस यावा. आणि स्वभाव? एकदा माझं बरोबर म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी तो ऐकायचा नाही.

वरच्या मजल्यावर एक सिस्टर राहायची. दवाखान्यात रात्रपाळी, घरात एकटी, सोबतीला काजळ्या. नावाप्रमाणेच काळा. दिवे गेले की दोन डोळे तेवढे उरायचे. रोज पावणेनऊला ती त्याला समोरचा रस्ता ओलांडून मैदानावर न्यायची, नऊ दहाला परत आणायची आणि मग कामाला निघायची. रस्त्यावरचा दिवा महिनोन् महिने बंद. सगळ्यांनी अर्ज केले, दिवा काही लागला नाही.

तेव्हा मास्तर स्वतःहून म्हणाला, "सिस्टर, तुमच्या राजाला मी कपडे शिवतो."

काजळ्याला त्यानं कापायच्या टेबलावर उभं केलं. टेप लावली, खडूनं खुणा केल्या. "छाती तर बघा, पैलवानाची! आणि कंबर बघा, नवरदेवाची!" असं म्हणत अंगाबरोबर बसणारं जॅकेट शिवलं. पोटाखाली पट्टा, त्याला बक्कल आणि कुशीवर रेडियमची रुंद पट्टी. सिस्टरनं जॅकेट उलटसुलट करून पाहिलं.

"मास्तर, पट्टी एकाच कुशीला?"

"सिस्टर, शर्टाला खिसा कधी दोन्ही बाजूंना बघितलाय? नको त्या जागी माल घालायचा नाही, हा आपला कायदा."

ती हसली. संध्याकाळी ती काजळ्याला घेऊन रस्ता ओलांडू लागली, तेव्हा मास्तरनं दुकानाच्या दारातून बॅटरी मारली. पट्टी अशी पेटली की शेजारचा दुकानदारसुद्धा बाहेर आला. मास्तरची मान ताठ. दुसऱ्या दिवसापासून कुत्री पाळणारे लोक माप द्यायला येऊ लागले. काजळ्याच्या मापाच्या कागदावरूनच आणखी सहा जॅकेटं कापून झाली.

आणि तिसऱ्या आठवड्यात काजळ्या गेला.

मैदानावरून परत येताना सिस्टरच्या हातातली दोरी सुटली. घर दिसलं, तो पुढे पळाला. गावाकडून दवाखान्याच्या चादरी गोळा करणारी गाडी आली. ती रोज त्याच वेळी यायची. ब्रेक वाजला. पण उशिरा.

ड्रायव्हर खाली उतरला. त्याला सगळे चादरवाला म्हणायचे. तिशीचा, दोन लहान मुलींचा बाप. एकच वाक्य परत परत म्हणत होता. "दिसलाच नाही हो. अंगावर काहीच चमकलं नाही."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चमकलं नाही? माझी पट्टी शंभर पावलांवरून दिसते! डोळे होते कुठे तुझे? मोबाइलात की बाटलीत?"

काजळ्याला मैदानाच्या कडेला, लिंबाखाली पुरलं. जॅकेट अंगावर तसंच होतं. सिस्टरला ते काढवेना. माती सारखी करून वर एक वीट ठेवली. त्या वेळी सिस्टरनं मास्तरकडे एकदा पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. मग मान खाली घातली. मास्तरला वाटलं, बाई म्हणतेय, मला न्याय मिळवून द्या.

झालं. मास्तरच्या डोक्यात संशयाचा भुंगा शिरला. चादरवाल्यानं दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, म्हणजे काहीतरी लपवतोय. पुढचा एक दिवा नवा बसवला, म्हणजे जुना बंद असणार. मान खाली घालून जातो, म्हणजे मनात पाप आहे. हसला असता तर म्हणाला असता, बघा, निर्ढावलाय!

बायको म्हणाली, "अहो, त्या माणसानं दोन दिवस अन्न गिळलं नाही म्हणतात."

"नाटकं!"

"तुम्हाला आता मुंगीसुद्धा चोर दिसायला लागलीय."

पण मास्तरनं कागद तयार केला. चादरवाला दारू पिऊन, दिवे न लावता गाडी चालवतो, त्याला कामावरून काढा. हे पत्र दवाखान्याच्या साहेबाला बुधवारी सकाळी दहाला द्यायचं ठरलं. खाली दोन सह्या हव्या होत्या. शेजारच्या दुकानदारानं सही केली. त्यानं गाडी पाहिली नव्हती, दिवे पाहिले नव्हते. पण मास्तर खोटं बोलेल का? म्हणून केली. मास्तरनं मात्र आपली सही राखून ठेवली. म्हणाला, "आधी पट्टी किती पावलांवरून दिसते ते मोजतो. आकडा लिहितो. मग सही. काम कसं चोख पाहिजे."

तो मंगळवार होता. डिसेंबरातला दुसरा. काजळ्याला जाऊन नववी रात्र.

रात्री आठ पन्नासला मास्तर काळा कोट घालून, मोठी बॅटरी घेऊन बाहेर पडला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मैदानाच्या बाजूच्या खांबाला त्यानं पट्टीचा तुकडा बांधला आणि गावाच्या दिशेनं पावलं मोजत गेला. शंभर. वळला. बॅटरी मारली.

लख्ख.

"बघ," तो स्वतःशी म्हणाला, "दिसत नाही म्हणे!"

खिशातून कागद काढून त्यानं आकडा लिहिला. मग खात्रीसाठी पुन्हा बॅटरी मारली.

पट्टी खांबावर होती. आणि आणखी एक होती. खाली. गुडघ्याच्या उंचीवर.

ती चालत होती.

घरांच्या बाजूनं निघून रस्ता ओलांडत मैदानाकडे जात होती. संथ. रोजची वाट असल्यासारखी. मास्तरच्या मनात पहिली आली ती शंकाच. चादरवाल्यानं कुणाचं तरी कुत्रं सोडलंय, मला घाबरवायला. तो ओरडला, "कोण आहे रे तिकडे?"

ती थांबली नाही.

पट्टी मैदानाच्या कडेला पोचली. लिंबाखाली. आणि विझली.

मास्तर पुढे गेला. वीस पावलं. चाळीस. रस्त्याच्या मधोमध थांबला. बॅटरी लिंबावर मारली. खोड, वीट, माती. वीट जागच्या जागी.

मग आवाज आला.

टक... टक... टक...

डांबरावर नखं. मैदानाकडून. त्याच्याच दिशेनं.

त्यानं उजेड आवाजावर धरला. रस्ता रिकामा. टक... टक... आवाज उजेडाच्या आत होता. उजेडात काहीच नव्हतं. फक्त एक जागा, आजूबाजूच्या काळोखापेक्षा थोडी जास्त काळी. तिच्यावर कुठंच काही चमकत नव्हतं.

"का... काजळ्या?"

आवाज थांबला. त्याच्या पायाशी. गुडघ्यावर ऊन ऊन श्वास.

आणि मास्तरला ते टेबल आठवलं. उजवी कूस आपल्याकडे करून उभा असलेला काजळ्या. सिस्टरचा प्रश्न. आपला विनोद. जाताना रस्ता ओलांडायचा, तेव्हा उजवी कूस गावाकडे. पट्टीची. येताना ओलांडायचा, तेव्हा डावी.

डावी.

बॅटरी त्यानं जातानाच मारली होती. येताना... येताना कधीच मारली नव्हती.

हातातली बॅटरी गळून पडली. विझली. तो काळ्या कोटात, काळ्या रस्त्यावर, मधोमध उभा. पाय हलेनात. मागून गाडीचा आवाज येत होता. वळायचं होतं... वळता येईना.

नऊ वाजून बारा मिनिटं.

ब्रेक किंचाळला. गाडी त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबली. दार उघडून चादरवाला धावत आला.

"मास्तर! अहो मास्तर! दिसलाच नाहीत हो तुम्ही! अंगावर काहीच..."

तो बोलता बोलता थांबला. तेच शब्द. दोघांनाही कळलं.

मास्तरनं विचारलं, "मग... थांबलास कसा?"

"पट्टी दिसली ना. तुमच्या पायाशी. लांबूनच. म्हणून तर ब्रेक मारला." चादरवाला वाकून गाडीखाली पाहू लागला. "कुत्रं कुणाचं होतं? गेलं कुठं?"

मास्तरनं खिशातला कागद काढला, गाडीच्या उजेडात धरला आणि फाडला. मग त्या पोराचे दोन्ही हात धरून, भर रस्त्यात, म्हणाला, "चूक माझी होती. उद्या सगळ्यांसमोर सांगतो." आणि सांगितलीसुद्धा. सिस्टरच्या दारात उभं राहून सर्वांत आधी.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं, मास्तर. त्या दिवशीच विचारणार होते. पण तुम्ही इतके ओरडत होता..."

ती सहा जॅकेटं मात्र त्यानं त्या मंगळवारच्या रात्रीच पुरी केली. दोन्ही कुशींना पट्टी, छातीवर एक आणि शेपटीकडे एक. पहाटे शटर ओढून घरी गेला. सकाळी नऊला दुकान उघडायला आला, तर शटरच्या कडीला काहीतरी लटकत होतं.

जॅकेट. सातवं. कोरी बाजू वर करून.

तो धावत लिंबाखाली गेला. वीट जागच्या जागी. माती जशीच्या तशी. विटेवर आठ दिवसांची धूळ.

काकांची गोष्ट संपली. मागची घड्याळं तेवढी बोलत होती.

"छे!" भाऊ म्हणाला, पण आवाज बारीक होता. "कुणीतरी केलं असणार, काका. त्या ड्रायव्हरनंच..."

"लागलास संशय घ्यायला?" काका म्हणाले. "सोपं असतं ते. काही बघावं लागत नाही."

काका उठले, खालचा खण उघडला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणून बहिणीच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उलगडलं. छोटं जॅकेट. एका कुशीवर रुंद पट्टी. दुसरी कूस कोरी.

गोटीनं ते हुंगलं आणि निमूट बसून राहिली.

"पण हे तुमच्याकडे कसं आलं?"

"त्याच हिवाळ्यात गाव सोडताना मास्तर देऊन गेला. म्हणाला, ठेव. माझ्याइतकंच हे तुझंही आहे."

"तुमचं? तुमचा काय संबंध?"

काकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"त्या कागदावर..." ते म्हणाले, "शेजारच्या दुकानदाराची सही आधीच झाली होती ना..."

भाऊ हळूच उठला आणि गोटीचं जॅकेट आणायला घराकडे पळाला. बहिणीनं ते जुनं जॅकेट घडी करायला घेतलं. पोटाखालच्या पट्ट्याचं बक्कल तिच्या हाताला लागलं आणि तिनं बोटं झटकन मागे घेतली. दिव्याखाली धरून पाहिली.

नऊ वर्षं खणात होतं ते जॅकेट.

बक्कलमधली माती ओली होती.